वाय-फाय जोडलंय, पण नेट नाही: तुमच्याकडे शेवटी काय निघालं?

उंबरठा

गेल्या आठवड्यात चार दिवस आमच्या घराची फाळणी झाली होती. हॉलमध्ये बसणाऱ्यांना नेट, मागच्या खोलीतल्यांना नाही. मधेच उलटं. वाय-फायचं चिन्ह मात्र कायम भरलेलं, त्याच्या कुशीत एक बारीकसं उद्गारचिन्ह. खाली लिहिलेलं, ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’.

पहिले दोन दिवस केबलवाल्याच्या नावानं बोटं मोडण्यात गेले. त्याचा पोरगा आला, राऊटरची वायर काढून थेट स्वतःच्या लॅपटॉपला लावली. नेट पळायला लागलं. “काका, आमच्याकडून येतंय,” म्हणाला आणि गेला. मी तोंडघशी.

तिसऱ्या रात्री आठवलं. मागच्या खोलीत रेंज यावी म्हणून शनिवारी मीच माळ्यावरचा जुना राऊटर उतरवून वायरनं नव्याला जोडला होता. वाय-फायचं नाव तेच, पासवर्ड तोच. आपण किती हुशार असं वाटलंही होतं. पण दोन्ही राऊटरांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि दोघंही घरात येईल त्या फोनला आयपी पत्ते वाटत बसलेले. ज्या फोनला जुन्यानं पत्ता दिला तो नेट मागायला जुन्याच्याच दारात उभा, आणि जुन्याला बाहेर जायची वाटच नाही.

चौथ्या दिवशी जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, त्याच्यातलं डीएचसीपी (म्हणजे हे पत्तेवाटप) बंद केलं, आणि वायर त्याच्या वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) नव्हे, लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात ठेवली. पाच मिनिटांचं काम.

आता नेट गेलं की मी लॅपटॉपवरून आधी १९२.१६८.१.१ ला पिंग करतो, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारतो. उत्तर आलं तर घरातलं ठीक. मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या, गूगलच्या सर्व्हरला. तेही आलं आणि तरी साइट उघडत नसेल, तर गडबड डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची. (वरच्या प्रकरणात ही युक्ती कामाची नव्हती. पिंगला उत्तर येत होतं, फक्त ते कोणता १.१ देतोय ते कळत नव्हतं.)

तुमच्याकडे काय झालं ते सांगा. उपाय नुसता नको, आधी कुठे कुठे चुकीचं खोदलंत तेही लिहा. मजा त्यातच आहे.

देवरुखी वारा

आमच्याकडे माकडं. हसू नका.

फायबर आली तेव्हा खांबावरून फणसाला, फणसावरून कौलांखालच्या वाशाला अशी आणलेली. वानरांची टोळी फणसावर आली की तिला झोके घेते. वायर तुटली असती तर परवडलं असतं, कारण मग एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो आणि मामला सरळ असतो. आमची तुटली नाही, आत कुठेतरी चेमटली. सकाळी नेट आहे, दुपारी नाही, वारा सुटला की नाही. फोन म्हणतो वाय-फाय उत्तम. महिनाभर मी राऊटर बंद-चालू करत होतो. आई म्हणायची, “अरे त्याला किती मारशील, तो बिचारा बसलाय जागेवर.”

शेवटी रत्नागिरीहून माणूस आला. त्याच्याकडे प्रकाश मोजायचं यंत्र. घरात येणारा प्रकाश उणे ३० डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप). तो म्हणाला, उणे २७ च्या खाली गेलं की पेटीला दिसेनासं होतं. फणसाजवळचा दोन हात तुकडा कापून पुन्हा जोडला, आकडा उणे २१ वर. आता वायर फणसाला टाळून आणली आहे. वानरं येतात, फणस खातात, जातात.

बेरीज वजाबाकी

प्लॅन संपला होता. तीन तास राऊटर उलटापालटा केल्यावर कळलं. आठवणीचे मेसेज बाबांच्या नंबरवर जात होते आणि बाबांच्या फोनमध्ये न वाचलेले मेसेज २३००.

सत्तरी पार

मी निवृत्त शिक्षक. नेट बंद पडले. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, राऊटर रीस्टार्ट करा.” मागच्या बाजूस एक बारीक छिद्र होते, शेजारी इंग्रजीत रीसेट लिहिलेले. मला दोन्ही एकच वाटले. सौ.ची सेफ्टी पिन घेऊन मनात दहा अंक मोजेपर्यंत दाबून धरली. दिवे विझले, लागले. समाधान वाटले.

त्यानंतर घरातल्या वाय-फायचे नावच बदलले. पासवर्ड पेटीच्या पोटावर छापलेला होता, तो घालून जोडणी झाली, पण नेट काही नाही. दुसऱ्या दिवशी केबलवाल्यांचा मुलगा आला तेव्हा उलगडा झाला. कंपनीकडे लॉगिन करण्याचे युजरनेम आणि पासवर्ड राऊटरच्या पोटात साठवलेले असतात, ते मी पिनेने पुसून टाकले होते. “आजोबा, बटण बंद करून चालू करायचं, भोकात काही घालायचं नाही,” हे त्याने मला ज्या स्वरात सांगितले, त्या स्वरात मी ३४ वर्षे मुलांना सांगत आलो.

ते युजरनेम आणि पासवर्ड आता एका वहीत लिहून ठेवले आहेत. वही गॅसच्या पुस्तकाशेजारी असते. पिन सौ.ने परत घेतली.

खटपट्या

माझं थोडं वेगळं. घरात सगळ्यांचं चालू, फक्त माझ्या फोनला नेट नाही. म्हणजे राऊटर ठीक, म्हणून मी नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं, फोन बंद-चालू केला, शेवटी फोनच्या सगळ्या नेटवर्क सेटिंगा उडवल्या. त्या नादात ऑफिसच्या वाय-फायचा पासवर्डही गेला आणि आयटीवाल्यासमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं.

खूण समोरच होती, मी बघितली नाही: मोबाईल डेटावरही साइट उघडत नव्हत्या. म्हणजे दोष वाय-फायचा नव्हताच. सहा महिन्यांपूर्वी जाहिराती बंद करायला ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये एका फुकट सेवेचं नाव घातलं होतं. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. तिथे नाव घातलं की फोन फक्त त्याच सर्व्हरला विचारतो, आणि तो मेला तर दुसऱ्या कुणाला विचारत नाही. माझा मेला होता. ‘ऑटोमॅटिक’ केलं, दहा सेकंदांत उद्गारचिन्ह गेलं.

उंबरठा

@खटपट्या, पण ते उद्गारचिन्ह फोन ठरवतो कशावरून?

खटपट्या

अँड्रॉइड गुपचूप गूगलच्या एका पत्त्यावर जाऊन येतो. तिथून २०४ हा कोड, म्हणजे ‘ऐकलं, पण द्यायला काही नाही’ असं कोरं उत्तर आलं तर नेट आहे. विंडोज मायक्रोसॉफ्टची एक टीचभर टेक्स्ट फाइल मागून बघतं. म्हणजे ते चिन्ह हा फोनचा अंदाज आहे. उलटंही होतं. माझ्या जुन्या लॅपटॉपचा आतला बटणसेल संपला आणि तारीख मागे गेली २०१५ ला. चिन्ह सांगतंय नेट आहे, आणि एकही साइट उघडेना, कारण साइटची आजची सर्टिफिकेटं, म्हणजे ओळखपत्रं, त्याच्या लेखी अजून जन्मायची होती. तारीख दुरुस्त केली, सुटलं.

राइनकाठ

मी जर्मनीत, आई सांगलीत एकटी. दिवाळी झाली आणि तिचं नेट गेलं. इथून साडेचार तासांच्या अंतरानं रोज मी तिच्या मोबाईल डेटावर फोन करून विचारायचो, “आई, दिवे कोणते लागलेत?” ती चष्मा लावून वाचायची, “हिरवा. हिरवा. हिरवा. एक बंद.” बंद कोणता? “शेवटून दुसरा.” त्यावर काय लिहिलंय? “चित्र आहे. पृथ्वीचं.” इंटरनेटचाच.

मी दोन दिवस तिला डोंगराएवढ्या सूचना दिल्या. लॅपटॉप उघड, ब्राउझरमध्ये अमुक आकडे टाक. तिनं सगळं निमूट केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तू नुसता विचारतोस. मी फोटो पाठवू का?” हे मला का सुचलं नव्हतं, माहीत नाही.

फोटोत मागच्या बाजूला पाच भोकं. चार पिवळी, एक निळं. निळं रिकामं. दिवाळीच्या साफसफाईत राऊटर उतरवून पुसला होता आणि बाहेरून येणारी वायर परत लावताना पिवळ्यात गेली होती. पिवळी घरातल्यांसाठी, निळं बाहेरच्यासाठी. आईनं वायर हलवली, मिनिटभरात पृथ्वी हिरवी.

आता तिनं निळ्या भोकाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

खांबावरचा

मी दुसऱ्या बाजूचा. तालुक्याच्या गावी केबल-नेटचं काम करतो, १२ वर्षं झाली. तुमचे अनुभव वाचून निम्मे माझेच गिऱ्हाईक वाटले.

आमच्याकडे फोन येतो, “नेट चालत नाही.” एवढंच. तुम्ही दिवे सांगितलेत तर अर्धी फेरी वाचते. एलओएस लाल असेल तर प्रकाशच पोचत नाही: वायर तुटली, मुडपली, नाहीतर कपाटामागे चेंगरली. हे कपाटामागचं फार. फायबरला कागदासारखी घडी घालू नका, आत काच आहे. पॉनचा दिवा लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय पण आमच्या मशीनकडे तुमची नोंद होत नाहीये. एलओएस विझलेला, पॉन स्थिर आणि तरी नेट नाही, तर बिल, लॉगिन नाहीतर तुमच्या घरातला राऊटर. एक हात जोडून विनंती: वायर काढून तिच्या टोकात डोळा घालू नका. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून नसतो असं नाही. आम्ही तुटलेली जागा शोधायला जो लाल प्रकाश सोडतो तो वेगळा, पेनातला.

दुसरं. नवीन राऊटर आणता, जोडता, आणि नेट नाही म्हणून दुकानदाराशी भांडता. आमच्यासारखे बरेच लोक जुन्या राऊटरचा मॅक नंबर (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) तुमच्या खात्याला बांधून ठेवतात. नव्याच्या पोटावरचा नंबर आम्हाला कळवा, दोन मिनिटांत होतं.

तिसरं म्हणजे वीज. “आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, राऊटर चालू आहे, मग नेट का नाही?” कारण आमचा स्विच (नेट घरोघरी वाटणारी पेटी) तुमच्या मागच्या आळीतल्या गच्चीवर आहे आणि त्याची बॅटरी तीन-चार तासांत बसते. लोडशेडिंग लांबलं की तुम्ही उजेडात, आम्ही अंधारात.

पाटावरची

आमची गंमत गणपतीतली. पाच दिवस घरात तीस माणसं. पहिल्या दिवशी सगळ्यांना नेट. दुसऱ्या दिवशी नाशिकची मावशी आली, तिला नाही. आत्याच्या सुनेला नाही. पासवर्ड बरोबर, पण फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ वर अडकून बसायचा. भाच्याच्या लॅपटॉपवर १६९.२५४ नं सुरू होणारा भलताच पत्ता. तो म्हणाला, राऊटरनं पत्ता दिलाच नाही की लॅपटॉप स्वतःच असा एक लावून घेतो. कारण बघितलं तर राऊटरच्या यादीत पत्तेच २०. दोन टीव्ही, कॅमेरा आणि आधी आलेल्यांचे फोन यांनी सगळे धरलेले. शिवाय दीड दिवस राहून परत गेलेल्या काकांच्या फोनचा पत्ताही २४ तास अडवून ठेवलेला. भाच्यानं यादी १०० ची केली, मुदत दोन तासांची.

मावशीला मात्र आजही वाटतं, आम्ही तिला मुद्दाम दिलं नाही.

संध्याकाळ सात

माझा प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून लिहितोय. रोज सातच्या सुमारास नेट जातं. वाय-फाय दिसतं, नेट नाही. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप येतं. राऊटर बदलून झाला, डीएनएस १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर कंपनीचं) करून झालं. गर्दीची वेळ असेल म्हणावं तर आठला सगळी कॉलनी सिरियल बघत असते आणि तेव्हा नीट चालतं.

खांबावरचा

@संध्याकाळ सात, सातला तुमच्याकडे पाण्याची मोटर लागते का?

संध्याकाळ सात

लागते. पाणी तेव्हाच येतं. पण मोटर खाली, राऊटर वर.

खांबावरचा

लाईन एकच ना? मोटर उचलताना व्होल्टेज क्षणभर बसतं. तुमचा ॲडाप्टर दमलेला असेल तर राऊटर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो. तिकडे तुमचं आधीचं लॉगिन आमच्यासारख्यांच्या सर्व्हरवर अजून चालूच दिसतं, म्हणून नवं नाकारलं जातं. जुनं मरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. राऊटर बदलला म्हणालात, ॲडाप्टर बदललात का?

संध्याकाळ सात

नाही. नव्याचा ॲडाप्टर प्लगमध्ये बसेना म्हणून जुनाच लावला होता. आज मोटर लागताना दिव्यांकडे बघत बसतो.

संध्याकाळ सात

७:०४. ट्यूब लुकलुकली, राऊटरचे सगळे दिवे विझले आणि एकेक करून लागले. मोबाईल डेटावरून लिहितोय.