कोन फिल्टर आणि शॉर्ट बॉटल टाकल्यापासून बुलेट दम सोडतेय, कार्बची सेटिंग कुठनं सुरू करू?

करवीर_३५०
मंडळी, घरची २००४ ची कास्ट आयर्न ३५० आहे, वडिलांनी घेतलेली, साधा मिकुनी कार्ब (कार्ब्युरेटर, हवा-पेट्रोल मिसळणारा). गेल्या महिन्यात एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) काढून उघडा कोन फिल्टर टाकला आणि फ्री फ्लो शॉर्ट बॉटल, म्हणजे छोटा मोकळा सायलेन्सर, बसवली. तेव्हापासनं साठ-सत्तरला गाडी मागं ओढते, पेट्रोल संपत आल्यासारखी, ॲक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधनं फाटफाट आवाज, सिग्नलला बंद पडते, बेंड पाईप (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा) निळा पडलाय. प्लग काढला तर पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. एका मिस्त्रीनं मेन जेटात (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नोजल) तार फिरवून भोक मोठं केलं, आता फुल ॲक्सिलेटरला काळा धूर येतोय पण साठ-सत्तरचं दुखणं तसंच आहे. इंजिन खराब व्हायला नको हो, कुणीतरी नीट सांगा.

जुना_मिस्त्री_सातारा
पहिलं काम, तो तार फिरवलेला जेट फेकून दे. जेटवर नंबर असतो तो भोकाच्या मापाचा, एकदा खरवडला की त्या नंबराला काही अर्थ राहत नाही आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो. ओरिजिनलपेक्षा एक-दोन नंबर मोठे असे दोन-तीन नवे जेट आण.
आणि स्पीड बघू नकोस, मूठ किती फिरलीय ते बघ. मुठीवर पांढरी चिकटपट्टी लाव आणि पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर. पाव मुठीपर्यंत पायलट जेट (छोटा जेट) आणि एअर स्क्रू (त्याची हवा कमी-जास्त करणारा), पाव ते पाऊण मुठीबरोबर वरखाली होणारी सुई, त्याच्या वर मेन जेट. तुझी गाडी साठ-सत्तरला अर्ध्या मुठीवर असणार, म्हणजे दुखणं सुईचं आणि औषध दिलं मेन जेटाला. सुईची क्लिप एक खाच खाली घे, सुई वर उचलली जाईल आणि मधल्या टप्प्यात पेट्रोल वाढेल.

पुणे_यूसीई
दादांशी सहमत, पण जेट बदलायच्या आधी हवा कुठनं चोरून आत येतेय का ते बघ. गाडी आयडलला ठेवून कार्ब आणि हेडच्या मधल्या जोडावर डब्ल्यूडी-४० मार, आवाज बदलला तर तिथं लीक आहे. बेंड पाईप हेडला बसतो तिथं काजळीचे डाग असतील तर फाटफाट तिथूनच येतेय, ती कुठल्याच जेटनं जाणार नाही.
अजून एक, तुझ्या कार्बला एअर स्क्रू आहे, तो आत घेतला की पेट्रोल जास्त. आमच्या यूसीईच्या (नंतरचं, इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेलं बुलेटचं इंजिन) सीव्ही कार्बला (व्हॅक्यूमवर चालणारा) स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो, तिथं बाहेर काढला की जास्त. व्हिडिओ बघून करणार असशील तर आधी कार्ब कुठला ते बघ, लोक इथंच उलटं फिरवतात. इंजिन गरम असताना दीड फेऱ्यापासून सुरू कर. अर्ध्या फेऱ्याच्या आतच आयडल छान लागत असेल तर पायलट छोटा पडतोय.

नगर_रायडर
पेट्रोलचं कुणी बोललंच नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉल येतंय, त्यात मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटवर जुनी गाडी आधीपेक्षा कोरडी, म्हणजे हवेच्या मानानं कमी पेट्रोलवर, चालते. त्यावर तू हवा पण वाढवलीस. मेन जेट ठरवताना नवा प्लग टाक, मोकळ्या सरळ रस्त्यावर टॉप गिअरला फुल मूठ देऊन किलोमीटरभर ओढ, मग किल स्विच आणि क्लच एकदमच दाब, गाडी आपोआप थांबू दे आणि तिथंच प्लग काढ. घरापर्यंत आयडलवर आणलेला प्लग खोटं बोलतो.

करवीर_३५०
दोन रविवार घातले. बेंडच्या जोडात खरंच काजळी होती, गॅस्केट बदललं तर निम्मा फाटफाट गेला. क्लिप एक खाच खाली, मेन ९० होता तिथं १००, स्क्रू पावणेदोन फेरे. पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या मुठीवर न अडखळता गेली. प्लग चहाच्या रंगाचा आलाय, बघून जीव भांड्यात पडला. पावसाळ्यात कोन फिल्टर चालेल का पण?

जुना_मिस्त्री_सातारा
कोल्हापूरच्या पावसात नको, पाणी ओढेल. जूनला एअरबॉक्स परत बसव, पण मग मेन आणि क्लिप पण मागं घे, नाहीतर प्लग काळा होऊन सकाळी किक मारून पाय दुखतील.

करवीर_३५०
जुन्या ९० चा नवा जेट घेऊनच ठेवलाय दादा, एअरबॉक्सच्या पिशवीतच बांधून टाकला.