लहानपणीची लिंबाची गोळी घरी केल्यावर धूसर आणि चिकट का होते?

प्रश्न

लहानपणी मला सर्वांत प्रिय होती ती लिंबाच्या चवीची, काचेसारखी पारदर्शक, टणक गोळी. ती चावायची नाही, असा माझा नियम होता. जिभेवर इकडून तिकडे फिरवत राहिले की ती झिजत झिजत पात्यासारखी पातळ होई, आणि मध्येच तोंडातून काढून उजेडासमोर धरली की आत अडकलेले बारीक बुडबुडे दिसत. आता मुलीसाठी तशाच गोळ्या करून पाहिल्या. साखर, पाणी आणि लिंबाचा रस एकत्र उकळला, पाक गोळीबंद झाल्यावरही बराच वेळ आचेवर ठेवला. पहिल्या दिवशी गोळ्या सुरेख दिसल्या, परंतु दुसऱ्या दिवशी त्या एकमेकींना चिकटल्या आणि वरून धुरकट झाल्या. चवही आठवणीतली वाटली नाही. कुठे चुकले असावे?

पहिला प्रतिसाद

अशी गोळी म्हणजे खरोखरच साखरेची काच असते. पाक साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यात एक ते दोन टक्केच पाणी उरते, आणि तो लवकर थंड केल्यास साखरेच्या रेणूंना स्फटिकाच्या रांगा लावायला अवधी मिळत नाही. म्हणून गोळी पारदर्शक राहते. ही काच हवेतली वाफ शोषून घेते. पृष्ठभाग प्रथम ओलसर आणि चिकट होतो, मग तिथे बारीक स्फटिक धरू लागतात. तुम्हाला दिसलेला धुरकटपणा त्यांचाच असावा. थर्मामीटर नसेल तर पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून पाहावा. तो वाकला तर पाक कच्चा आहे, कट्‌कन तुटला तर झाला. गोळ्या पूर्ण गार झाल्याबरोबर घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भराव्यात. एवढा तापलेला पाक कातडीला चिकटून खोल भाजतो, तेव्हा मुलीला त्या वेळी लांबच ठेवावे.

दुसरा प्रतिसाद

वरील उत्तर योग्य आहे, पण माझ्या मते खरी अडचण लिंबाच्या रसाची आहे. आंबट पदार्थ साखरेबरोबर उकळला की साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते. हे थोडे झाले तर स्फटिक रोखायला मदतच होते, मात्र जास्त झाले तर फ्रुक्टोज हवेतले पाणी ओढून घेते आणि गोळ्या चिकटतात. त्यापेक्षा पाकात सुरुवातीपासून थोडे ग्लुकोज सिरप घालावे आणि सायट्रिक आम्ल पाक आचेवरून उतरवल्यावरच मिसळावे. साखर विरघळल्यानंतर पाक ढवळू नये, आणि भांड्याच्या कडेला लागलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने पुसून घ्यावेत, कारण त्यातला एक कणसुद्धा सगळा पाक रवाळ करू शकतो.

तिसरा प्रतिसाद

मला चवीबद्दल लिहायचे आहे, कारण आपल्याला हवी आहे ती तीच. नाक चिमटीत धरून गोळी चघळून पाहा. फक्त गोड आणि आंबट एवढेच कळेल. लिंबूपणा हा बहुतांशी वास आहे आणि तो घशाच्या मागून नाकात पोहोचतो. तो सालीतल्या तेलात असतो आणि उकळताना उडून जातो, म्हणून किसलेली साल किंवा तेलाचे थेंब शेवटी घालावेत. वासाचा संदेश मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थेट जातो. इतक्या वर्षांनीही ती गोळी तुमच्या मनात ताजी आहे, यात त्याचा मोठा वाटा असणार.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. या वेळी ग्लुकोज सिरप घातले, १५० अंशांना पाक उतरवला, बुडबुडे बसल्यावर आम्ल आणि किसलेली साल मिसळली. आज चौथा दिवस आहे आणि गोळ्या अजून सुट्या आहेत. सालीच्या कणांमुळे पूर्ण पारदर्शक मात्र नाहीत, पुढच्या वेळी तेलच वापरीन. मुलीने तिची गोळी लगेच चावून टाकली. मी माझी शेवटपर्यंत जिभेवर ठेवली, आणि ती तशीच पातळ होत गेली.