मदत हवी आहे: गिटमध्ये रीबेस करताना लॉक फाइल प्रत्येक कमिटला अडते

कोडिंग डेला एकाच रेपोवर (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यावर) बरेच जण तुटून पडतात, त्यामुळे दुपारपर्यंत मेन ब्रांच बरीच पुढे गेलेली असते. माझ्या फोर्कवरच्या (रेपोच्या माझ्या प्रतीतल्या) ब्रांचमध्ये 6 कमिट (नोंदवलेले बदल) आहेत. अपस्ट्रीम (मूळ रेपो) फेच करून रीबेस लावला, म्हणजे माझे कमिट ताज्या मेनवर पुन्हा चढवले, की 'पॅकेज-लॉक.जेसन' (एनपीएमने आपोआप बनवलेली, पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची लॉक फाइल) दर कमिटला कॉन्फ्लिक्ट देते. ती हाताने जुळवण्यात अर्थ नाही. सध्या अपस्ट्रीमची फाइल घेऊन (रीबेसमध्ये 'अवर्स' म्हणजे अपस्ट्रीम, इथे भलेभले फसतात) 'एनपीएम इन्स्टॉल' चालवायचं, फाइल अ‍ॅड करायची, मग रीबेस पुढे.

पण हे सहा वेळा? आधी स्क्वॉश करून (सहाही कमिट एकत्र करून) एकदाच रीबेस केला तर चालेल का? पुश 'फोर्स-विथ-लीज'नेच (दुसऱ्या कुणाचे नवे कमिट पुसले जाऊ नयेत अशा बेताने) करणार, पण रिव्ह्यू सुरू झालाय. जुन्या कॉमेंट 'आउटडेटेड' होतील. की 'रेरेरे'चा (एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवून पुन्हा तसाच सोडवणाऱ्या गिटच्या सोयीचा) इथे काही उपयोग होतो?