गटाचं लोन बाईच्या नावावर, पण पैसा कुणाच्या हातात?

रानातली मास्तरीण

मी कळंब तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, गावाचं नाव सांगत नाही. शाळेशेजारी मारुतीचा पार आहे, तिथं महिन्यातून एकदा फायनान्सवाल्यांची (बायकांच्या गटाला विनातारण लोन देणारी कंपनी, एकीचा हप्ता राहिला की बाकीच्यांनी भरायचा) मीटिंग भरते, सकाळी साडेसातला, कारण नंतर बायका रोजानं जातात. मागच्या मीटिंगला एक बाई आली नव्हती, तिची आई अंबाजोगाईला दवाखान्यात. हप्ता 2,115 रुपये. सरांनी (वसुलीला येणाऱ्या पोराला सगळ्या सरच म्हणतात, वय असेल तेवीस) हेल्मेट पारावर ठेवलं आणि म्हणाले, भरणा पूर्ण झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मग बाकीच्या नऊ जणींनी पन्नास, शंभर, दोनशे असे काढले, कुणी पदराच्या गाठीतून कुणी पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून, जमले सतराशे. उरलेल्यासाठी एक म्हातारी घरी गेली आणि डबा घेऊन आली, राख लावून बियाण्याला ठेवलेली तूर. समोरच्या दुकानात सहा किलो भरली, त्यानं सत्तरच्या भावानं 420 दिले. वरचे पाच रुपये सरांनी परत दिले, हिशोबाला पक्के. हे सगळं मी वर्गाच्या खिडकीतून बघितलं, पोरांची प्रार्थना चालू होती.

आता मुद्दा. ह्यालाच सगळीकडं महिला सक्षमीकरण म्हणायलेत आणि बचत गट आणि हे एकाच टोपलीत टाकायलेत, ते मला पटत नाही. बचत गटाचं मी वाईट बोलणार नाही. नाबार्डनं (शेती आणि खेड्यांसाठीची सरकारी बँक) 1992 ला पाचशे गट बँकेला जोडून सुरुवात केली, माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ तर 1975 पासूनचं, आणि आमच्या भागात 1993 च्या भूकंपानंतर बायका घरं बांधायच्या कामात उतरल्या, पुढं त्यांचेच गट झाले, ज्या बाया आधी ग्रामपंचायतीची पायरी चढत नव्हत्या त्या इंजिनिअरला सिमेंटचा हिशोब विचारायल्या. पण गटात बाईचे स्वतःचे शंभर रुपये असतात. कंपनीच्या लोनमध्ये तिचं काय असतं? आधार कार्ड आणि सही. पैसे नवऱ्याच्या खिशात, हप्ता बाईच्या गळ्यात. आमच्या गावात ह्या लोनमधून आलेल्या मोटारसायकली मोजल्या तर बायकोला चालवता येणारी एकही नाही.

एकेकाळचा फिल्डवाला

मॅडम मी चार वर्षं हेच काम केलं, केज धारूर पट्ट्यात, आता किराणा टाकलाय, म्हणजे मला कुणाची बाजू घ्यायची गरज नाही. तुम्ही सांगितलं ते घडतं, मी पण बसवून ठेवलंय बायकांना, खोटं कशाला बोलू. पण एक सांगा, त्या दहा जणींना तुमच्या तालुक्यातली कोणती बँक चाळीस हजार देणार होती, जमीन नाही, दागिना आधीच गहाण? बँकेत गेल्यावर शिपाईच विचारतो काय काम आहे. मग राहिला सावकार. आमच्याकडं शेकडा पाच रुपये महिन्याला चालतात, म्हणजे वर्षाला साठ टक्के, आणि त्याच्याकडं बाईनं एकटीनं पैसे मागायला जायचं म्हणजे गावात चार तोंडं बोलणार. आम्ही चोवीस टक्क्यानं दारात आणून देत होतो, चार दिवसात, तारण काही नाही.

आणि हिशोबाचं म्हणाल तर बायकांना फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर) आणि घटतं (राहिलेल्या रकमेवरच) व्याज ह्यातला फरक कुणीच समजावून सांगत नाही हे मान्य. चाळीस हजार, चोवीस महिने, हप्ता 2,115, एकूण भरणा पन्नास हजार सातशेच्या वर. फ्लॅटनं सांगितलं तर साडेतेरा टक्के वाटतं, खरं ते चोवीस आहे. वरून प्रोसेसिंग फी आणि विमा आधीच कापून हातात अडतीस साडेअडतीस येतात.

मोटारसायकलचं तुम्ही चेष्टेत घेतलं पण त्याच गाडीवर दूध डेअरीला जातं, बाजाराला भाजी जाते. घर काय दोन आहेत का, तिचं वेगळं त्याचं वेगळं?

बेजार लातूरकर

बरोबर बोलले फिल्डवाले दादा. नवऱ्याला पैसे दिले की लगेच अन्याय झाला म्हणायचं. अरे नवरा काय शेजारच्या गावचा असतो का. आमच्या घरी सगळे व्यवहार मला विचारून होतात आणि बायको खूश आहे.

शेळीवाली

मास्तरीण बाई रागावू नका पण तुम्हाला एक तारखेला पगार येतो म्हणून कर्ज म्हटलं की अंगावर काटा येतो. मी परंड्याकडची. 2019 ला तीस हजार उचलले कंपनीचेच, गटानं पाच हजार देतो म्हणलं होतं, पाच हजारात शेळीचा एक पाय येत नाही. बावीस हजारात दोन गाभण शेळ्या घेतल्या, आपल्या उस्मानाबादी, काळ्याभोर. ही जात चांगली, बऱ्याचदा जुळी देती आणि दुष्काळात बाभळीच्या शेंगावर बी जगती. पहिल्या वर्षी एक पीपीआर रोगानं गेली, लस टोचायची राहिली, ती माझी चूक. रडत बसले नाही कारण रडायला वेळच नव्हता, पुढच्या महिन्यात हप्ता होता. रोजानं खुरपायला गेले पण हप्ता चुकवला नाही. आज अकरा आहेत. बकरी ईदला एक बोकड चौदा हजाराला गेला, यापाऱ्यानं पैसे मालकाच्या हातात द्यायला हात पुढं केला तर मालकच म्हणले तिला द्या, तिची जनावरं. मला तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही.

आता तुम्ही म्हणा हे सक्षमीकरण नाही म्हणून.

गोदाकाठ

अक्का तुमचं अभिनंदन, पण एका शेळीवालीवरून सगळ्या बायकांचं ठरवता येत नाही. मोहम्मद युनूस साहेबांनी 1976 ला बांगलादेशातल्या जोबरा गावात 42 लोकांना मिळून 27 डॉलर दिले, 1983 ला ग्रामीण बँक, 2006 ला नोबेल, गोष्ट छान आहे. नंतर अभिजित बॅनर्जी, डुफ्लो ह्या अर्थतज्ज्ञांनी हैदराबादच्या वस्त्यांमध्ये चिठ्ठ्या टाकून काही वस्त्यांत कर्ज आधी काहींत नंतर असं करून तपासलं. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांचा थोडा वाढला, पण घरातल्या निर्णयात बाईचा शब्द वाढला असं काही दिसलं नाही. 2015 ला भारतासकट सहा देशांतले असे अभ्यास एकत्र छापले, तिथं पण तेच, वाईट नाही पण आयुष्य पालटलं असंही नाही. आणि आंध्रात 2010 ला काय झालं ते सगळ्यांना माहितीय, एकेका बाईवर चार चार कंपन्यांची कर्जं, आत्महत्या, शेवटी सरकारनं अध्यादेश काढला.

फडावरचं पोरगं

मी बीडचा, आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी हे इथल्या शहरवाल्यांना सांगायला लागतं, मुकादम उचल (आगाऊ पैसे) जोडीला देतो पण मोजून देतो बापाच्या हातात, आईच्या हातात आजपर्यंत कुणी उचल दिली नाही, अर्धा ऊस तिनं तोडला तरी. मग दिवाळीच्या आधी गटाच्या लोनचे हप्ते तुंबलेले असतात, फायनान्सवाल्यांना पण माहिती असतं गाड्या कधी भरणार, ते बरोबर त्याच आठवड्यात येतात. म्हणजे बापानं घेतलेल्या उचलीतून आईच्या नावचं कर्ज फिटतं आणि ती उचल फेडायला आई पाच महिने कोल्हापूरकडं पहाटे चारला मोळ्या बांधते. कर्ज फेडायला कर्ज. ह्यात कोण सक्षम झालं ते तुम्हीच ठरवा, मी तेव्हा आजीजवळ राहून दहावी केली, आईचा हप्ता भरायला पारावर मीच जायचो आणि सर मलाच ओरडायचे.

ग्रामसंघवाली

मी उमेदमध्ये (बचत गटांचं सरकारी अभियान) सीआरपी आहे, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणारी, दोन्हीकडचं बघते. उमेद 2011 ची. आमच्यात पंचसूत्री असते, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब लिहिणं, पाठच असतं सगळ्यांना. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगते. आमच्या गटात अंतर्गत कर्जाला शेकडा दोन रुपये व्याज आहे. दोन गुणिले बारा, चोवीस टक्केच झालं ना? कंपनीचंही चोवीस, आमचंही चोवीस. फरक एवढाच की आमच्या व्याजाचा पैसा आमच्याच पेटीत पडतो, आणि मागच्या वर्षी दिवाळीला वाटप केलं तर एकेकीला अठराशे आले. कंपनीचं व्याज गावातून गेलं की गेलं. बँक लिंकेज झालं की तीन लाखांपर्यंत सात टक्क्यानं मिळतं ते वेगळंच.

पण शेळीवाली अक्का म्हणते ते पण खरं आहे. बँकेला जोडायला आमच्या एका गटाला चौदा चकरा माराव्या लागल्या, साहेब आज रजेवर, उद्या नेट नाही, परवा आधीच्या गटाची थकबाकी. तोवर बाईची पेरणी निघून जाते. आणि काही गटात अध्यक्ष सचिव घरातल्याच, सासू अध्यक्ष सून सचिव, रजिस्टर सासऱ्याच्या कपाटात. ते पण लिहायला पाहिजे.

रानातली मास्तरीण

शेळीवाली ताई, पगाराचं तुम्ही बोललात ते लागलं पण बरोबर आहे. तुमच्या मालकांनी यापाऱ्याला तिला द्या म्हणलं, ते वाचून मी दोनदा थांबले. पण बघा, तुम्ही मालक चांगले होते म्हणून सांगताय. यापाऱ्यानं हात पुढं त्यांच्याकडंच केला होता, तुमच्याकडं नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे. एक विचारू का, सातबारावर तुमचं नाव आहे का? पीक कर्ज जमिनीवर मिळतं, जमीन बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर, म्हणून स्वस्तातलं कर्ज पुरुषाला आणि चोवीस टक्क्याचं बाईला. हे कुणी ठरवून केलं नसेल पण झालंय असंच. आणि 24 टक्के दोन्हीकडं सारखंच हे ग्रामसंघवाल्या ताईंनी सांगितलं ते माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

शेळीवाली

सातबारावर सासऱ्याचं नाव आहे अजून. ते जिवंत आहेत आणि त्यांना माझी शेळी वावरात दिसली तरी काठी घेऊन येतात.

एकेकाळचा फिल्डवाला

नियमाचं कुणाला उपयोगाला येईल म्हणून सांगतो. रिझर्व्ह बँकेनं 2022 ला नवीन नियम काढले, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घराला विनातारण दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, आणि घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये. बाईच्या भाषेत एक फॅक्टशीट द्यावीच लागते, त्यात व्याज, फी, विमा सगळं. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. घरी वसुलीला जायचं तर बाई ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा आली नाही तरच. पण त्याच वेळी 2011 ची जी व्याजाची मर्यादा होती ती काढून टाकली, हे पण लक्षात ठेवा.

आता उत्पन्न किती ते कोण लिहितं? मीच लिहायचो. बाई म्हणायची दहा हजार, मी चौदा लिहायचो, नाहीतर लोन बसायचं नाही आणि माझं टार्गेट राहायचं. म्हातारीची तूर वाचून झोप नाही लागली मॅडम, धारूरला एका बाईनं असाच मिरचीचा डबा आणला होता.

बेजार लातूरकर

मी वर लिहिलं होतं ना सगळे व्यवहार मला विचारून होतात. काल हे सगळं वाचून सहज बायकोला म्हणलं तुझी ती फायनान्सची पासबुकं दाखव. एक मला माहिती होतं, ठिबकसाठी घेतलेलं. दुसरं निघालं तांदळाच्या डब्यातून, पस्तीस हजार, मागच्या जूनचं. मी आवाज चढवला तर म्हणाली पोरीच्या नर्सिंगची फी होती, तुम्ही म्हणाला होता पुढच्या वर्षी बघू. आणि म्हणाली तुम्ही सोयाबीन केव्हा विकलं, कितीनं विकलं, मला सांगितलं होतं का. अकरा हप्ते भरले तिनं, शिलाई करून, मला पत्ता नाही. लाडकी बहीणचे दीड हजार कुठं जातात मी कधी विचारलंच नव्हतं.

सकाळपासून बोलायली नाही.

शेळीवाली

किती हप्ते राहिले?

बेजार लातूरकर

तेरा.

शेळीवाली

मग ह्या महिन्याचा तुम्ही पारावर जाऊन भरा. बायांच्या रांगेत बसून.