अमेरिकेत आश्रयाचा अर्ज वर्षानुवर्षं पडून, त्यात आता चोरीची केस. गुन्हा कबूल करावा का?

गिरगावची काकू:
नमस्कार. आमच्या चाळीतल्या पोटमाळ्यावर २०१६ ते २०१९ एक अफगाण मुलगा राहायचा, सरकारी शिष्यवृत्तीवर बी.कॉम. करायला आलेला. माझ्या सासूबाईंना डायलिसिसला आठवड्यातून दोनदा हाच धरून न्यायचा. मग विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, परतीची वाट बंद झाली. २०२२ मध्ये त्याने आश्रयाचा अर्ज केला. मुलाखतीची तारीख अजून नाही.

गेल्या महिन्यात त्याने एका दुकानातून थंडीचं जाकीट पैसे न देता बाहेर नेलं. चुकलाच, फोनवर मी रागावलेही. कोर्टाने दिलेला वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, एक वर्षाची शिक्षा लागेल पण स्थगित, आत जावं लागणार नाही. तारीख दहा दिवसांवर आहे.

आणखी एक. २०१८ मध्ये दादर स्टेशनबाहेर रात्री भांडण झालं, पोलिसांनी महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११०-११७ कलम (सार्वजनिक जागी गैरवर्तन) लावलं. भोईवाडा कोर्टात गुन्हा कबूल केला, बाराशे रुपये दंड मीच भरला. 'नुसता दंड तर झाला' म्हणून आश्रयाच्या अर्जात अटक-शिक्षेच्या प्रश्नाला त्याने 'नाही' लिहिलंय.

दादरकर७२:
दंड म्हणजे केस नव्हे हो. तिकडे कोण भोईवाड्याचं दफ्तर काढणार? आणि आत जायचं नसेल तर कबूल करून मोकळं व्हावं.

फोर्टातली भाषांतरकार:
काकू, हा सल्ला कृपा करून ऐकू नका. मी वकील नाही, पण कोर्टाच्या कागदांची इंग्रजी भाषांतरं करते आणि असे अर्ज हाताखालून गेलेत.

आधी ती कबुली थांबवा. तिकडच्या इमिग्रेशन कायद्यात स्थगित शिक्षाही पूर्ण धरतात. चोरीला एक वर्षाची शिक्षा लागली की ती 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी', म्हणजे इमिग्रेशन कायद्याच्या नजरेत गंभीर गुन्हा, ठरू शकते, मग फौजदारी कोर्टाने तिला किरकोळ का म्हटलं असेना. तसं झालं की आश्रय मिळत नाही. ३६५ ऐवजी ३६४ दिवस असते तर हा फास बसत नाही! याच एका दिवसासाठी कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कने किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली. अर्थात ३६४ म्हणजे सगळं धुऊन निघालं असं नाही. आश्रय देणं शेवटी अधिकाऱ्याच्या विवेकावर असतं आणि चोरी त्याला दिसणारच. कबुलीने देशाबाहेर जावं लागेल का, हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कामच आहे, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी निकालापासून. त्याने त्या वकिलाला हे स्पष्ट विचारावं आणि इमिग्रेशनचा वेगळा वकील गाठावा.

आश्रय हुकला तर परत न पाठवण्याचं एक संरक्षण उरतं, पण त्यातून ग्रीनकार्ड नाही आणि बायकापोरांना बोलावता येत नाही. हे त्याला आत्ताच कळू दे.

अर्ज रांगेत आहे म्हणून नवी केस सुटेल असंही नाही. बोटांचे ठसे त्यांच्याकडे असतात, निकालाआधी तपासणी होतेच. अमेरिकेत पोचल्यापासून एका वर्षात आश्रयाचा अर्ज करायचा असतो; ती मुदत उलटून अर्ज केला, त्याला मात्र उत्तर आहे: काबूलमध्ये सत्ता बदलली, आणि तोवर त्याचा व्हिसा चालू असेल तर तेही.

राहता राहिली भोईवाड्याची केस. एवढ्या दंडाने अर्ज बुडणार नाही. लपवल्याने त्याचा शब्द बुडेल. अर्जात अमेरिकेबाहेरच्या अटकेचा, शिक्षेचा प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि खाली शपथेवर सही असते. अधिकाऱ्याने काढण्याआधी स्वतःहून दुरुस्ती द्यावी, निकालाच्या नकलेसकट.

कोर्टकचेरी_परळ:
नकलेला केस नंबर लागेल. त्याच्याकडून अधिकारपत्र मागवा, नाहीतर वकिलामार्फत अर्ज द्या.

गिरगावची काकू:
त्याने पुढची तारीख मागून घेतली. काल सासूबाईंच्या डायलिसिसच्या फायलीत दंडाची पावती सापडली, त्यावर केस नंबर आहे. पण नाव मराठीत भलतंच लिहिलंय, पासपोर्टशी जुळत नाही. भाषांतरात दुरुस्त करायचं का?

फोर्टातली भाषांतरकार:
अजिबात नाही. आहे तसंच उतरवायचं, शिक्क्यासकट. नावातल्या फरकाचा खुलासा त्याने वेगळ्या कागदावर द्यावा. सोमवारी नक्कल मिळाली की मला दाखवा, पैसे नकोत.