युगांडाच्या ग्रामीण केंद्रात बाळंतपण आणि नवजात सेवा: जाण्याआधी काय तयारी?

लेबररूम_सिस्टर
जीएनएम (नर्सिंग-मिडवाइफरी डिप्लोमा) आहे, काम लेबररूममध्येच. युगांडातल्या एका ग्रामीण ‘हेल्थ सेंटर थ्री’मध्ये तीन महिने स्वयंसेवक म्हणून जायचं ठरतंय. डिलिव्हरी करू देतील का? बाळ रडलं नाही तर तिथे कशावर भागवायचं? सोबत काय न्यावं?

कागदपत्रं_आधी
ताई, तिकीट नंतर, आधी युगांडा नर्सेस अँड मिडवाइव्ज कौन्सिलची परवानगी. ती नसेल तर पेशंटला हात लावू नका, तिथल्या सिस्टरने आग्रह केला तरी. पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी घ्या. दाखला दहाव्या दिवसापासूनच ग्राह्य धरतात आणि भारतात परततानाही मागतात.
थ्रीमध्ये नॉर्मल डिलिव्हरी होतात, सिझरचं थिएटर त्याच्या वरच्या ‘हेल्थ सेंटर फोर’ला. रुग्णवाहिका कुठून येते, डिझेल कोण भरतं, रात्री फोन कोणाला करायचा, हे पहिल्याच दिवशी विचारून भिंतीवर लावा.

नवजात_डॉक
बाळ रडलं नाही तर बॅग-मास्कवर, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीवर. ऑक्सिजनची वाट बघू नका, सुरुवात साध्या हवेवरच करायची असते. कोरडं पुसा, पाठ चोळा; तरी श्वास नाही तर जन्मापासून मिनिटाच्या आत बॅग सुरू, मिनिटाला साधारण 40 वेळा. नजर छातीवर. छाती उचलत नसेल तर मास्क पुन्हा बसवा, मान किंचित मागे, तोंडातला स्राव काढा, मग थोडं जोरात दाबा. मास्क 0 (लहान) आणि 1 (मोठा) दोन्ही हवेत. कमी वजनाच्या बाळाला मोठा मास्क डोळ्यांवर येतो आणि कडेने हवा निसटते.
खरी गडबड बॅग धुतल्यानंतर होते. व्हॉल्व्ह उलटा बसतो किंवा बसवायचाच राहतो आणि ते ऐनवेळी कळतं. म्हणून दर पाळीला तपासा: मास्क तळहातावर घट्ट धरून बॅग जोरात दाबा. हवा फक्त प्रेशर व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणारी झडप) सुटली पाहिजे आणि सोडल्यावर बॅग लगेच फुगली पाहिजे.

प्रसूती_परिचारिका
औषधं भरून नेऊ नका. ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन) 2 ते 8 अंशांत राहिलं नाही तर त्याची ताकद जाते, आणि अँप्युल बघून ते ओळखू येत नाही. फ्रिजचं तापमान रोज लिहिलं जातं का, तेवढं पाहा. बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं नाही याची खात्री झाली, की मिनिटभरात ऑक्सिटोसिन 10 युनिट स्नायूत. रक्तस्राव नजरेने मोजू नका, अंदाज नेहमी कमीच येतो. न्यायचेच असतील तर मापाच्या खुणा असलेले ड्रेप (रक्त गोळा करायची शीट) न्या, शिवाय डोक्याला लावायचा दिवा.
बायका बऱ्याचदा ‘मामा किट’ घेऊन येतात: प्लास्टिक शीट, हातमोजे, ब्लेड, नाळ बांधायची दोरी, कापूस, साबण. जिच्याकडे ते नसेल तिच्यासाठी केंद्रात काय ठेवलंय, हे आधी विचारा.

लेबररूम_सिस्टर
आणि परवानगी यायला उशीर झाला तर?

नवजात_डॉक
तर बाहुलीवर बॅग-मास्कचा सराव घ्या, पाळी बदलताना पाच-पाच मिनिटं, शक्य तितक्या दिवशी. टांझानियात हायडोमच्या रुग्णालयात एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं, ते प्रत्यक्ष लेबररूममध्ये उतरलं नाही. तिथेच छोटे, वारंवार सराव सुरू केल्यावर बाळांचे मृत्यू कमी झाले. सराव घेणारी सिस्टर तिथलीच निवडा, तुम्ही बाजूला उभ्या राहा.