अनुभव धागा: कामावर तोंडातून गेलेला शब्द

काटेवाला:
काल तालुक्याला प्रशिक्षण होतं, विषय भावनिक बुद्धिमत्ता, म्हणजे आपल्या आणि समोरच्याच्या भावना ओळखून वागणं. 1990 मध्ये सॅलोवे आणि मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली कल्पना वगैरे. सर म्हणाले, समोरचा गप्प बसला तरी त्याचं ऐकू आलं पाहिजे. मला एकदम 2019 चा डिसेंबर आठवला.

तेव्हा मी कापूस खरेदीवर ओलावा मोजायचो. हमीभाव क्विंटलला 5550, रांग पार नाक्यापर्यंत. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, 12 च्या वर गाडी परत. एका म्हाताऱ्या कास्तकाराच्या बंडीत वरवर मीटर खुपसलं, 14. मी चारचौघांत बोलून गेलो, "पाणी मारलं का काका?" वजनासाठी मारतात काही जण, खोटं कशाला सांगू. काका काहीच बोलले नाहीत. वरचा थर बाजूला सारला, माझा हात धरला अन् कोपरापर्यंत आत घातला. आत खडखडीत. दोन रात्री उघड्यावर उभी होती बंडी, वरून दव.

परत मोजला, 9. माप झालं, माफी राहिली. तेव्हापासून मीटरच्या आधी विचारतो, गाडी कधीची उभी आहे?

तुमचंही लिहा.

वऱ्हाडकन्या:
माहे बाबा असेच रायचे रांगेत, भाकर अन् कांदा बांधून. नंतर लिहितो, दूध उतू चाललं.

आशाताई:
दवाखान्यातल्या बाळंतपणाचं सांगाले एका गरोदर बाईच्या घरी जाओ, तर तिची सासू मले दारातूनच वापस पाठवे. "आमच्या झाल्या न घरीच!" मी रजिस्टर काढून समजावून सांगू, तिले अजून राग. एक दिवस रजिस्टर पिशवीतच ठेवलं अन् तिच्यासंगं तुरीच्या शेंगा सोलत बसली. टोपलं अर्धं झाल्यावर तीच बोलली. तिचं पहिलं लेकरू अडून गेलं होतं, दवाखान्याच्या वाटेवर. मी हट्ट समजत होती, ते भेव होतं. नवव्या महिन्यात तिनंच सांगितलं, 108 ले फोन लाव.

लालपरी:
आम्हा कंडक्टरले हे शिकवा आधी 😄 रोज सुट्ट्यावरून महाभारत. मी आता पहिल्याच थांब्यावर म्हणतो, "पाचशेची नोट दाखवणाऱ्याले गाणं म्हणाव लागन." एका आजीनं खरंच भुलाबाईचं म्हटलं, पूर्ण. तिकीट मीच काढलं मंग.

डब्बाप्रेमी:
आशाताई, शेंगा गावरान होत्या का? आमच्याकडे सोले-वांगे आजच.

खडूवाली:
मी सांगलीकडची, नेमणूक केळापूर तालुक्यात, कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर. पहिलं वर्ष नुसतं "लक्ष देत नाहीत, लक्ष देत नाहीत". मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं वाचून वहीत "येत नाही" च्या जागी "अजून येत नाही" लिहायला लागले, फार शहाणी झाल्यासारखी. तिसरीतला पोरगा म्हणतो, "मॅडम, तुम्हाले कोलामी अजून येत नाही." त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तो मास्तर, मी विद्यार्थी. कडक आहे. उच्चार चुकला की परत म्हणायला लावतो.

लालपरी:
छडी देतो का? 😂

वऱ्हाडकन्या:
आली. काटेवाले भाऊ, ते काका मंग भेटले का कधी?

काटेवाला:
पुढच्या हंगामात बंडी घेऊन पोरगा आला होता. विचारायची हिंमत नाही झाली.

डब्बाप्रेमी:
सोले फ्रिजमधी किती दिवस राहतात, कोणी सांगा न.